माशी कुठे शिंकली

मी फळ्याकडे वळले की तो आवाज सुरू व्हायचा. तोंड मिटून नाकातून काढलेला, बारीक, लांबलेला. मागे वळले की बंद. समोर एकेचाळीस मुलं आणि वह्यांवर झुकलेल्या एकेचाळीस माना. सहावीतली मुलं इतकी शहाण्यासारखी बसली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने चांगलं दूध दिलं तरी मला वाटतं, आज याला काय लपवायचंय? आमचे हे म्हणतात, तुला आरशातली बाईसुद्धा आपल्यापासून काहीतरी चोरतेय असं वाटत असेल. पण सत्तावीस वर्षं भाषा शिकवताना हा स्वभाव मला फार उपयोगी पडला. आईच्या नावाने केलेली खोटी सही मी दारातून ओळखते.

तो आवाज माझ्यासाठीच आहे, याबद्दल मला शंका नव्हती. एकदा तपासलेल्या वह्यांत एक कमी निघाली. "काल तर पूर्ण होत्या, मग माशी कुठे शिंकली?" असं मी सहज म्हणाले, आणि वर्ग फुटला. शेवटच्या बाकावरचा लंबू हसता हसता बाकाखाली गेला. पाठीवर कोणी कागद चिकटवलाय की काय, म्हणून मी चाचपून पाहिलं. पुढच्या आठवड्यात "माशा मारत बसू नका, लिहा" म्हणाले, तेव्हाही तेच. मी विनोद केला की वर्ग हसतो आणि ते मला आवडतं. हे हसू मी मागितलेलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक मजल्यावर एक पेटी लावली होती. कोणी कोणाला चिडवत असेल, मारत असेल, एकटं पाडत असेल, तर चिठ्ठी लिहून टाकायची. स्वतःचं नाव लिहायचं नाही. आमच्या मजल्याची किल्ली माझ्याकडे आली, कारण मी मुलांना आतून-बाहेरून ओळखते असा माझा लौकिक. त्याला हरकत घेतली ती एकट्या गणिताच्या सरांनी. ज्यांना अक्षर ओळखता येतं त्यांच्याच हातात किल्ली दिली तर चिठ्ठी टाकेल कोण, असं ते भर सभेत म्हणाले. सर शाळेत नवे, दोनच वर्षं झालेली, आणि मुलं त्यांच्या मागेमागे धावायची. मुलं ज्यांच्या मागे धावतात त्या शिक्षकांबद्दल मला आधीपासूनच संशय.

खरं तर मी मुलांना अक्षरावरून ओळखतच नाही. अक्षर बदलता येतं, चूक बदलता येत नाही. एक जण 'आणि'चा 'णि' जन्मभर दीर्घच काढणार. मॉनिटर मुलगी जेवणावर मीठ भुरभुरावं तसे अनुस्वार भुरभुरते. लंबूला जोडाक्षर दिसलं की तो मधलं अक्षरच गिळतो. अशा निवडक चुकांची माझी एक वेगळी वही आहे, तिच्यावर मी 'मासले' असं लिहून ठेवलंय. चहाच्या सुट्टीत त्यातलं एखादं पान वाचलं की शिक्षकांची खोली हसून लोळते.

एका सोमवारी पेटीत पहिली चिठ्ठी मिळाली. 'सहावीच्या वर्गात माशीला फार त्रास होतो. कृपया लक्ष द्यावे.'

मी सवयीने लाल पेन काढलं, 'माशीला'मधला 'ला' खोडला आणि वर 'चा' लिहिला. माशीचा त्रास होतो. विभक्तीसुद्धा येत नाही यांना. मग शिपाईमामांना सांगून वर्गात औषध फवारून घेतलं, खिडक्या पुसून घेतल्या आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण आणवलं. मोठ्या बाईंनी माझ्या तत्परतेचं कौतुक केलं.

पुढच्या सोमवारी दुसरी चिठ्ठी. 'औषध मारून उपयोग नाही. माशी ही एक मुलगी आहे. ती जिन्याखाली बसून डबा खाते.'

मी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. मग ड्रॉवरमधून पहिली काढली. 'माशीला फार त्रास होतो.' विभक्ती बरोबर होती. चूक लाल शाईत होती. 

मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली गेले. तिथे मोडके बाक रचलेले, त्यांच्यावर बोटभर धूळ. एका कोपऱ्यात मात्र लादी पुसलेली होती, एक मूल मांडी घालून बसेल एवढीच. बसणारं कोणी नव्हतं. मी येणार हे तिला कळलं असावं, किंवा तिने जागा बदलली असावी.

वर्गात येऊन मी सरळ विचारलं, माशी कोणाला म्हणता?  कोणी कोणाकडे पाहिलं नाही, आणि हेच मला खटकलं. मुलं एरवी चोर कोण म्हणताच त्याच्याकडे वळून बघतात. मग मागून तो आवाज आला, अगदी हलका. आता मला कळलं की ती माशीची भुणभुण होती. एकेचाळीस जणांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

"बाई, ती खिडकीची काच वाजते," मॉनिटर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली. सगळ्या वर्गाने होकार दिला. खिडकीकडच्या रांगेतली एक काच खरोखरच सैल होती, आणि त्या रांगेतलं कोणी वाचायला उभं राहिलं की आवाज वाढतो हे मीही टिपलं होतं. खोटं पाडायचं तर आधी काच पक्की करावी लागेल. मी मामांना काचवाल्याला बोलवायला सांगितलं.

माझा खरा संशय वेगळाच होता. दोन चिठ्ठ्या, पाच वाक्यं, आणि एकही चूक नाही. 'कृपया' हा शब्द आमच्या निम्म्या शिक्षकांना धड लिहिता येत नाही. माझ्या वर्गातल्या कोणालाही पाच वाक्यं बिनचूक लिहिता येत नव्हती, याची मी शपथ घेतली असती. म्हणजे चिठ्ठ्या मोठ्या माणसाने लिहिलेल्या होत्या. आणि कोणाला हवं होतं, की भाषेच्या बाईंचं हसं व्हावं आणि किल्ली त्यांच्याकडून काढली जावी?

मी गणिताच्या सरांना गाठलं आणि दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी वाचल्या, आणि लाल शाईतल्या 'चा'पाशी जरा थांबले. मला वाटलं आता हसणार. ते हसले नाहीत.

"बाई, लिहिणारा कोण ते शोधताय तुम्ही," ते म्हणाले. "ती मुलगी कोण आहे ते शोधा ना."

ताकाला जाऊन भांडं लपवतोय, असं मी मनात म्हटलं आणि निघून आले.

गुरुवारी तिसऱ्या तासाला काचवाला आला. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, त्याच रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची. वर्गात असून नसल्यासारखी. हल्ली तिचं शुद्धलेखन फार सुधारलं होतं, त्यामुळे माझ्या मनात तिच्याबद्दल कौतुकच होतं. बापाने कडेची जुनी पुट्टी खरवडून काच पक्की केली आणि नवीन पुट्टी अंगठ्याने दाबत होता. त्याला बरं वाटावं म्हणून मी मुलीला धडा वाचायला उभं केलं आणि फळ्याकडे वळले.

भुणभुण सुरू झाली. या वेळी पुष्कळांची होती.

मी वळून पाहिलं. काचवाल्याने हाताचा अख्खा पंजा काचेवर टेकवला होता आणि मान किंचित तिरकी केली होती, डॉक्टर छातीवर नळी ठेवून ऐकतो तशी. मी वळलेली पाहून मुलांनी आवाज थांबवला. मुलगी मात्र वाचत होती. ती एकदाही अडखळली नव्हती, आवाज सुरू होताना नाही आणि थांबताना नाही. रोजचं असल्याशिवाय असं कोणी वाचत नाही.

"काच वाजत नाहीये, बाई," तो म्हणाला.

मग त्याने वर्गाकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मुलांनी माना खाली घातल्या. त्याने आपल्या मुलीकडे मात्र पाहिलं नाही, मला वाटतं मुद्दामच.

बाहेर व्हरांड्यात तो हात पुसत उभा राहिला. दोन महिने झाले, तो सांगू लागला, रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. डॉक्टरने तपासलं, काही नाही. रात्रंदिवस मोठा शब्दकोश घेऊन बसते. उरलेल्या काचांतून त्याने तिच्यासाठी घरी एक टाकी बनवली होती, तिच्यात मासे होते. त्यांच्यावर तिचा जीव. परवा म्हणाली, ते मासे कोणाला तरी देऊन टाका, मला घरात नकोत.

"आज कळलं पोट का दुखतं ते," तो म्हणाला. "सोमवारपासून मी तिला पाठवणार नाही. दुसरी शाळा बघतो. मला फक्त एवढं सांगा, हे सुरू कोणी केलं?"

मी त्याला म्हणाले, मला शनिवारपर्यंत वेळ द्या. मी शोधून काढते. माझ्या नजरेतून आजवर कोणी सुटलेलं नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत एकेचाळीस वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. मनात यादी तयार होती. पहिला लंबू, कारण हसण्यात तो पुढे. दुसरी मॉनिटर, कारण काचेची थाप तिची. तिसरा लंबूच्या शेजारचा, कारण तो फारच गरीब दिसतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं. तो सापडला की सुरुवात करणारा सापडणार. लिहिणारे सर नसतील तर या गठ्ठ्यात एक तरी बिनचूक वही असली पाहिजे.

पस्तिसाव्या वहीपर्यंत सगळे आपापल्या चुकांसकट हजर होते. छत्तिसावी काचवाल्याच्या मुलीची निघाली.

शेवटचा निबंध सहा ओळींचा. एकही चूक नाही. खाली माझ्या हाताने लाल शाईत लिहिलेलं, 'छान.' त्याआधीचा सहा ओळींचा. 'सुधारणा आहे.' त्याआधीचा सात. 'शाबास.' मी पानं उलट चाळत गेले आणि निबंध लांब होत गेले. अर्धं पान, एक पान, मग दीड पान, चुकांनी भरलेलं, गमतीजमतींनी भरलेलं. मधल्या काळात तिने काय केलं होतं ते मला दिसत होतं. ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्द तिने टाकून दिला होता, मग ते वाक्य, मग ती गोष्टच. सहा ओळींत ती तेवढंच सांगत होती, ज्यावर कोणी हसू शकणार नाही. मला मात्र तिच्या प्रगतीचं कौतुक होतं.

मग तो निबंध आला. 'आमच्या घरचे सोबती.' दोन पानं. 'आमच्या घरी काचेच्या पेटीत सात माशा आहेत. माशांना बाबा रोज सकाळी खाऊ घालतात.'

'माशा'भोवती लाल वर्तुळ. समासात माझं वळणदार अक्षर: 'माशा की मासे? साखर उघडी ठेवता वाटतं!'

ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलेलं मला आठवलं. वर्ग हसला, तेव्हा मला अजून चेव आला. मी त्या वहीवर हात हलवला, जणू माशा हाकलतेय, आणि तोंड मिटून नाकातून आवाज काढला. भुणभुण. वर्ग खदखदून हसला. ती उभी होती. तीही थोडी हसली होती, मला वाटतं. 'मासले'च्या वहीत मी हा मासला तारखेसह उतरवला होता, आणि चहाच्या वेळी तोही वाचला होता. गणिताचे सर तेव्हा उठून बाहेर गेले होते. मला वाटलं होतं, या माणसाला विनोद कळत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी दरवर्षी शिकवते.

मी तिथे बसून रडले. शरमेने रडले, आणि थोडी स्वतःची कीव येऊनही रडले, खोटं कशाला सांगू. वाईट म्हणजे तिचं चुकलंही नव्हतं. मासा, पण माशाला, माशांना, माशांचा. पुढे सगळीकडे 'श' आहे, मग नुसते असतानाच 'मासे' का? तिने कान उघडे ठेवून नियम लावला होता. वाकडी आहे ती भाषा, आणि भाषेपेक्षा वाकडी मी.

शनिवारी सकाळी मी काचवाल्याच्या दुकानात गेले. भिंतींना काचेचे ताव टेकवून ठेवलेले, मध्ये कापड घातलेलं मोठं टेबल. त्याने मला स्टूल दिलं. मी बसले नाही.

"सुरुवात मी केली," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. साखरेचं वाक्य, हात हलवणं, तो आवाज. मुलांनी पुढे काय केलं तेही सांगितलं, पण त्याच्यामागे लपले नाही.

त्याने मोजपट्टी ठेवून समोरच्या तावावर काच कापायची हिरकणी फिरवली. एकदाच, हलक्या हाताने. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि काच रेघेवर सरळ दुभंगली.

"चरा एकदाच मारायचा असतो, बाई," तो म्हणाला. "बाकी नुसता दाब." तुकडे बाजूला ठेवत म्हणाला, "मला कशाला सांगताय? ती आत आहे."

दुकानामागेच त्यांचं घर होतं. ती आतल्या खोलीत टाकीपाशी बसली होती. मासे अजून होते, सातही. मी जमिनीवर बसले, कारण तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर शब्दकोश होता. तुझ्या चिठ्ठ्या ओळखल्या, असं सांगून मी माफी मागितली. चुकलं तुझं नव्हतं, माझं होतं, असं म्हणाले. माशाला, माशांना हेही समजावून सांगितलं, शिक्षिकेची खोड जात नाही. सोमवारी वर्गातही हेच सांगेन, म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. 

"बाई, चिठ्ठी माझी आहे हे कसं ओळखलं?" तिने विचारलं. "अक्षर तर मी बदललं होतं."

"एकही चूक नव्हती म्हणून."

तिने यावर नीट विचार केला. "मग पुढच्या वेळी एक घालीन," ती म्हणाली.

 मी पेटीची किल्ली त्याच दिवशी मोठ्या बाईंना परत दिली आणि ती गणिताच्या सरांकडे द्यावी असं सुचवलं. चौकशीच्या कागदावर 'त्रासाची सुरुवात कोणी केली' असा रकाना होता. मी तिथे माझं नाव लिहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, हा कागद विद्यार्थ्यांसाठी आहे. मी म्हणाले, असू द्या, मोकळा रकाना वाईट दिसतो.

सोमवारी ती आली. बाप दारापर्यंत आला होता आणि बराच वेळ गेला नाही. मी फळ्यावर 'मासा, माशाला, माशांना' लिहिलं आणि वर्गाला सांगितलं की तो आवाज या वर्गात पहिल्यांदा मी काढला, तो माझा आहे. यापुढे काढायचा असेल तर माझ्याकडे बघून काढा. मुलांनी दोन दिवस काढलाही, माझ्या तोंडावर. मी ऐकून घेतला, लागला तो मला. तिसऱ्या दिवशी लंबूने एकट्याने काढून पाहिला आणि कोणी साथ देईना म्हणून तो स्वतःच ओशाळला. डब्याची अडचण सरांनी सोडवली: हजेरी क्रमांकाला सहाने भागायचं आणि ज्यांची बाकी सारखी त्यांनी एकत्र जेवायचं, दर आठवड्याला भाजक बदलायचा. कोणी कोणाला टाळायचं म्हटलं तरी आधी भागाकार करावा लागायचा. जिन्याखालच्या लादीवर हळूहळू धूळ बसली. मी रोज जाऊन बघायचे, संशय तो संशयच.

'मासले'ची वही मी फाडली नाही. कपाटात आहे. माझ्याच चुका त्यात जास्त आहेत, हे अधूनमधून वाचायला लागतं.

तिचे निबंध मात्र सहा ओळींचेच राहिले. एक आठवडा, दोन, पाच. बिनचूक. मी त्यांच्याखाली 'छान' लिहिणं बंद केलं आणि दर वेळी एक प्रश्न लिहू लागले: मग पुढे काय झालं? उत्तर यायचं नाही. मी मनातून आशा सोडली होती, पण लिहायचं सोडलं नाही.

सातव्या आठवड्यात वही उघडली तर सहाव्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. 'आमच्या एका माशाला पील्ले झाली, आता मोजता येत नाहीत.'

'पिल्ले'तला 'पि' दीर्घ होता. माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला आणि वाटेतच थांबला. ती चूक खरी होती की तिने मुद्दाम घातली होती, हे मला आजही कळलेलं नाही. मला दाट संशय आहे. पण मी ती तशीच राहू दिली आणि खाली विचारलं, मग पुढे काय झालं?